व्हीएमचा कारभार: सीपी-४० पासून ब्रॉडकॉमपर्यंत

हल्ली कुठल्याही सर्व्हर अ‍ॅडमिनशी बोला, विषय फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतो, एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवायला व्हीएमवेअर ठेवायचं की फुकटच्या प्रॉक्समॉक्सवर जायचं. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतली, डिसेंबरमध्ये एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स बंद केलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटचं ईएसएक्सआय, म्हणजे व्हीएमवेअरचं हायपरवायझर (एका मशीनवर अनेक व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर), तेपण काढून घेतलं, आणि रिन्यूअलचे कोटेशन बघून लोकांची झोप उडाली. पण मग सगळे सरळ उठून दुसरीकडे का जात नाहीत, हायपरवायझर तर चिक्कार आहेत आणि तेही फुकट?

त्यासाठी जरा मागे जावं लागतं. व्हर्च्युअल मशीन हा शोध व्हीएमवेअरचा नाहीच. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये (हे अमेरिकेतलं केंब्रिज, इंग्लंडमधलं पुढे येतंय) १९६४ पासून सीपी-४० वर काम चालू होतं, मशीन एकच पण प्रत्येक युझरला वाटायचं अख्खं सिस्टिम/३६० आपल्यालाच दिलंय. १९७२ मध्ये तेच व्हीएम/३७० नावाने बाजारात आलं. म्हणजे मेनफ्रेमवाले हे पन्नास वर्षांपासून करतायत.

एक्स८६ वर, म्हणजे पीसी आणि साध्या सर्व्हरमधल्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर, मात्र हे घोडं अडलं. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी मांडलं होतं की मशीनच्या अवस्थेला हात लावणारी प्रत्येक इन्स्ट्रक्शन युझर मोडमध्ये (कमी अधिकारांच्या मोडमध्ये) चालवली तर ट्रॅप व्हायला पाहिजे, म्हणजे प्रोसेसरने थांबून ताबा वर द्यायला पाहिजे, तरच हायपरवायझरला मध्ये पडता येतं. एक्स८६ इथे नापास. पीओपीएफ ही इन्स्ट्रक्शन घ्या, गेस्टच्या (व्हीएममधल्या ओएसच्या) कर्नलने, म्हणजे गाभ्याने, तिच्यातून इंटरप्ट बंद करायचा प्रयत्न केला तर ना एरर ना ट्रॅप, प्रोसेसर तेवढा भाग गुपचूप सोडून पुढे जातो, गेस्टला वाटतं काम झालं आणि हायपरवायझरला पत्ताच नाही. पेंटियममध्ये अशा १७ इन्स्ट्रक्शन निघाल्या.

स्टॅनफर्डच्या डिस्को प्रोजेक्टमधल्या मंडळींनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर काढली आणि गेस्टचा कर्नल कोड चालता चालता बदलत राहायचं, म्हणजे बायनरी ट्रान्सलेशन, असा मार्ग काढला. १९९९ ला वर्कस्टेशन, २००१ ला ईएसएक्स. इंग्लंडच्या केंब्रिजमधल्या झेन हायपरवायझरवाल्यांनी २००३ मध्ये उलटं केलं, गेस्ट ओएसच सुधारून घेतली. मग इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये ही सोय चिपमध्येच घातली, फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम हे हायपरवायझर लिनक्स कर्नलमध्येच आलं, आणि हायपरवायझर बनवण्यातली जादू तिथेच संपली. जून २००८ ला मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही आलं, पुढच्याच महिन्यात व्हीएमवेअरने ईएसएक्सआय फुकट करून टाकलं. कारण पैसा तोवर दुसरीकडे गेला होता.

माझ्या मते खरी कलाटणी २००३ चीच, व्हर्च्युअलसेंटर (सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर, आताचं व्हीसेंटर) आणि व्हीमोशन (चालू व्हीएम हलवणारं). चालू व्हीएमची मेमरी दुसऱ्या होस्टवर (प्रत्यक्ष सर्व्हरवर) कॉपी करायची, कॉपी होईपर्यंत मेमरीची जी पानं (छोटे तुकडे) बदलली ती परत पाठवायची, असं करत करत उरलेलं अगदी थोडं राहिलं की व्हीएम क्षणभर थांबवून पलीकडे चालू करायची, डिस्क दोघांनाही दिसणाऱ्या स्टोरेजवर असल्याने ती हलवायचीच नाही. युझरला कळतही नाही. रॅम बदलायला रात्री दोनचा डाउनटाइम मागणाऱ्या माणसाला हे काय वाटलं असेल ते सांगायला नको. २००६ मध्ये त्यावर एचए आणि डीआरएस आलं, होस्ट मेला तर व्हीएम दुसरीकडे आपोआप उठणार, लोड वाढला तर आपोआप सरकणार.

आणि मग बॅकअप, मॉनिटरिंग, स्टोरेजचे प्लगइन, सगळं व्हीसेंटरच्या एपीआयला (बाकी सॉफ्टवेअरने त्याच्याशी बोलायच्या जोडणीला) चिकटलं. व्हीएम काय, डिस्क कन्व्हर्ट करून कुठेही नेता येते, ही भोवतालची वीण उसवायला महिने जातात, अडकलोय ते इथे.

पर्याय नवे नाहीत, व्हीएम सांभाळायची लायब्ररी लिबव्हर्ट २००५ ची, व्हिएन्नाचं प्रॉक्समॉक्स २००८ पासून केव्हीएमवर वेब स्क्रीन देतंय, लाइव्ह मायग्रेशनसकट (चालू व्हीएम हलवणं, व्हीमोशनसारखंच). २०२४ मध्ये त्यांनी ईएसएक्सआयवरून थेट इम्पोर्ट करायचा विझार्ड टाकला, वेळ बरोबर साधली. ब्रॉडकॉमने एप्रिल २०२५ मध्ये फुकटचं ईएसएक्सआय परत आणलं खरं, पण ते व्हीसेंटरला जोडता येत नाही.