एच-इंडेक्स माणसाचा, इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा

संशोधकांच्या बायोडेटात अधूनमधून एक ओळ भेटते : ‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर ४१.७’. म्हणजे ज्या ज्या जर्नलमध्ये पेपर आले त्यांचे आकडे घेऊन सरळ बेरीज मारलेली. आजवर ज्या हॉटेलांत उतरलो त्यांचे तारे मोजून स्वतःला सतरा तारांकित म्हणवून घ्यावं, तसंच हे. इम्पॅक्ट फॅक्टर माणसाला नसतोच, तो जर्नलला असतो. माणसासाठी जो आकडा वापरतात तो एच-इंडेक्स.

तो २००५ मध्ये हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. समजा, डीएनए मेथिलेशनवर (डीएनएवर मिथाइल गट चढण्यावर) काम करणाऱ्या कुणाचे दहा पेपर आहेत आणि त्यांना मिळालेली सायटेशन्स (म्हणजे इतर पेपरांनी घेतलेले त्यांचे संदर्भ) उतरत्या क्रमाने अशी : ४१०, ९५, ४०, २२, ९, ७, ६, ३, १, ०. आता वरून मोजत यायचं, पेपरचा क्रमांक त्याच्या सायटेशन्सपेक्षा मोठा होईपर्यंत. सहाव्या पेपरला सात सायटेशन्स, चाललं. सातव्याला सहाच, तिथे थांबायचं. एच-इंडेक्स ६. गंमत अशी, की पहिल्या पेपरची ४१० उद्या ४,१०० झाली तरी हा आकडा सहावरून हलणार नाही. सातत्य त्याला कळतं, एखादी मोठी उडी कळत नाही. शिवाय तो कधी खाली येत नाही. माणूस प्रयोगशाळा सोडून गेला तरी वाढत राहतो. त्यामुळे तिशीतल्या संशोधकाची साठीतल्या प्राध्यापकाशी या आकड्यावरून तुलना करणं हा शुद्ध अन्याय.

इम्पॅक्ट फॅक्टरचा हिशेब निराळा. जर्नलने २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या लेखांना २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन्स, भागिले त्या दोन वर्षांतले लेख. चारशे लेख आणि दोन हजार सायटेशन्स असतील, तर ५. यूजीन गारफिल्ड आणि अर्विंग शेर यांनी हे माप काढलं ते सायटेशन इंडेक्ससाठी (कुणी कुणाला उद्धृत केलं याच्या सूचीसाठी) जर्नलं निवडायला, माणसं निवडायला नव्हे. आणि ही सरासरी आहे. ती किती फसवते याचा नमुना स्फटिकशास्त्राच्या एका जर्नलने दाखवला : ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’चा आकडा दोनच्या आसपास असायचा, तो २००९ साठी जवळजवळ पन्नासवर गेला. कारण एकच. जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या संगणक-प्रणालीवरचा २००८ चा लेख, जो ती वापरणारा प्रत्येक जण उद्धृत करत होता. त्याच अंकांत छापलेल्या बाकीच्या लेखकांनी त्यासाठी काय केलं होतं? काहीच नाही.

एपिजेनेटिक्समध्ये, म्हणजे डीएनएचा क्रम न बदलता जनुकं कशी चालू-बंद होतात याच्या अभ्यासात, हे दोन्ही आकडे जास्तच अडखळतात. इम्पॅक्ट फॅक्टरची दोन वर्षांची खिडकीच घ्या. गरोदर उंदरीण एखाद्या रसायनाच्या संपर्कात आली, तर तिच्या पोटातलं पिल्लू आणि त्या पिल्लातल्या जननपेशी, दोघांवरही थेट परिणाम होतो. म्हणजे खऱ्या अर्थाने ‘वारशाने आलं’ असं म्हणायला तिसरी पिढी, म्हणजे तिची पणतवंडं, पाहावी लागते. असा पेपर वाचून कुणी तो प्रयोग पुन्हा करायला घेतला, तर त्याचं सायटेशन छापून येईपर्यंत खिडकी बंद झालेली असू शकते. डीएनएवरचं मेथिलेशन पेशीविभाजनातही टिकतं आणि त्यातून जनुकं चालू-बंद राहू शकतात, ही कल्पना १९७५ मध्ये आर्थर रिग्ज यांनी आणि स्वतंत्रपणे रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी मांडली; पुरावे जमायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

दुसरी अडचण सायटेशन कशाला मिळतं याची. डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या गटाने १९९६ मध्ये टेट्राहायमिना या एकपेशीय जीवातलं, हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) अ‍ॅसिटिल गट चढवणारं एन्झाइम ओळखलं आणि ते यीस्टमधल्या जनुक चालू करणाऱ्या एका ज्ञात प्रथिनाशी जुळतं हे दाखवलं. त्या विषयाचा पायाच तो. तरीही थॉमस येनुवाइन यांच्यासोबत त्यांनी २००१ मध्ये लिहिलेल्या हिस्टोन कोडवरच्या (हिस्टोनवरच्या रासायनिक खुणांचा अर्थ लावण्यावरच्या) रिव्ह्यूला, म्हणजे आढावा घेणाऱ्या लेखाला, त्याहून कितीतरी जास्त सायटेशन्स आहेत. प्रस्तावनेत एका वाक्यात सगळा विषय उरकायचा, तर रिव्ह्यूच सोयीचा पडतो. मेथिलेशन कुठे आहे ते दाखवणाऱ्या बायसल्फाइट सीक्वेन्सिंगचा डेटा वाचणाऱ्या ‘बिस्मार्क’सारख्या प्रणालीच्या पेपरचंही तेच. तिथलं सायटेशन म्हणजे ‘हे वापरलं’ एवढीच नोंद, ‘हे पटलं’ अशी नव्हे. आणि २०१५ मध्ये रोडमॅप एपिजेनोमिक्सने १११ संदर्भ-एपिजेनोमचं (वेगवेगळ्या पेशी-ऊतींतल्या अशा खुणांच्या नकाशांचं) विश्लेषण छापलं, तसल्या मोठ्या प्रकल्पातल्या पेपरात पहिलं नाव असो की मधलं कुठलंतरी, एच-इंडेक्समध्ये जमा सारखीच होते.

वैयक्तिक मूल्यमापनात जर्नलचा आकडा लावू नये, अशी मागणी डोरा या जाहीरनाम्याने केली. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायोलॉजीच्या वार्षिक अधिवेशनात त्याची सुरुवात झाली. सह्या पुष्कळ झाल्या, निवड समित्यांची सवय मात्र हळूहळूच मोडते आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर अर्ज हातात आला की मी तीन पेपर निवडतो आणि ते कुणी, कुठल्या वाक्यात उद्धृत केलेत ते उघडून बघतो. पद्धतीच्या भागात नाव आलंय, की निष्कर्षावर वाद घातलाय, हे दहा मिनिटांत कळतं. आणि एच-इंडेक्स लिहायचाच असेल, तर तो गूगल स्कॉलरचा, स्कोपसचा की वेब ऑफ सायन्सचा, म्हणजे सायटेशन्स मोजणाऱ्या कुठल्या डेटाबेसचा, हे तारखेसह लिहावं. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधली (जर्नलच्या तपासणीआधीच खुल्या केलेल्या मसुद्यांतली) सायटेशन्सही धरतं, त्यामुळे त्याच माणसाचा तिथला आकडा सहसा मोठा दिसतो.