सेल्फ लागत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी हे वाचा
(चिपळूण आणि परिसरातील दुचाकी ग्राहकांसाठी)

काउंटरवर येऊन 'एक बॅटरी द्या' म्हणणाऱ्या ग्राहकाला आम्ही आधी गाडी आत घ्यायला सांगतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. पण सेल्फ न लागण्यामागे सैल टर्मिनल, बिघडलेला रिले, उडालेला फ्यूज किंवा क्लचचा स्विच असं काहीही असू शकतं. बॅटरी खरंच गेली असली, तरी ती का गेली हे न बघता नवी बसवली, तर तीही काही महिन्यांत त्याच वाटेने जाते.

तपासणी सोपी आहे, साधा मल्टीमीटर असला तर घरीही होते. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. 12.6 ते 12.8 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. 12.4 च्या खाली गेली तर चार्जिंगला लावायला हवी, आणि 12 च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. आता मीटर तसाच ठेवून सेल्फ मारा. भरलेल्या बॅटरीचा आकडाही त्या क्षणी साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर तिच्यात दम उरलेला नाही. शेवटी किकने किंवा ढकलून इंजिन चालू करा आणि थोडा रेस द्या. आकडा साधारण 13.8 ते 14.5 दरम्यान यायला हवा. तो 13 च्या वर चढतच नसेल तर मॅग्नेटोची (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाची) कॉइल, वायरिंग किंवा आरआर युनिट (चार्जिंगचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) बघावं लागेल. 15 च्या पुढे जात असेल तर आरआर युनिट बॅटरीला उकळून काढतंय. या दोन्ही परिस्थितींत आम्ही नवी बॅटरी विकत नाही, आधी दुरुस्ती करायला सांगतो.

एक गोष्ट नव्या गाड्यांबद्दल. जुन्या कार्ब्युरेटरच्या बऱ्याच गाड्या बॅटरी मेलेली असतानाही किकवर चालू व्हायच्या. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचं मानक आलं आणि बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) यांना करंट लागतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली की उतारावर ढकलूनही काही होत नाही. कुंभार्ली घाटात हे कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं.

बॅटरी निवडताना

जुन्या बॅटरीवरचा मॉडेलचा कोड आणि गाडीचं हँडबुक, हे दोन्ही पाहूनच घ्या. कोडमधला आकडा म्हणजे अ‍ॅम्पिअर-अवर (बॅटरीची क्षमता) असं मात्र धरू नका, तो कित्येकदा वेगळा असतो. व्होल्ट, अ‍ॅम्पिअर-अवर, लांबी-रुंदी-उंची आणि प्लस टर्मिनल कोणत्या बाजूला आहे, एवढं जुळलं पाहिजे. प्लसची बाजू उलटी असली की वायर ताणून बसवली जाते, ती फ्रेमला घासते आणि एक दिवस शॉर्ट होते.

'जरा मोठी द्या' हा नेहमीचा आग्रह. मोठ्या बॅटरीने सेल्फची मोटर जास्त जोरात फिरत नाही. खाचेत नीट बसत असेल तर थोड्या जास्त क्षमतेने बिघडतही नाही, पण पैसे जास्त जातात आणि एकदा उतरली की भरायला वेळ लागतो. उलट, फक्त किकच्या गाडीची अडीच अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी सेल्फच्या गाडीला स्वस्तात बसवून देणारे भेटतात, तिथे फसू नका.

पाणी घालायची की सीलबंद? गाडीसोबत जी आली तीच. आता बहुतेक गाड्यांना सीलबंद येते आणि आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांना तीच बरी, अ‍ॅसिड सांडून चेसिस खात नाही. लिथियमच्या बॅटऱ्या वजनाला फार हलक्या असतात, पण महाग असतात आणि त्यांना चार्जरही वेगळा लागतो. रोज बाजारात नि कामावर जायच्या गाडीला आम्ही त्या सुचवत नाही.

घेताना बॅटरीवरची तयार झाल्याची तारीख विचारा आणि व्होल्टेज समोर मोजून घ्या. सहा महिने शेल्फवर पडून राहिलेली आणि मध्ये चार्ज न केलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नये, आमच्याकडूनसुद्धा. अ‍ॅसिड दुकानात भरायचं असेल तर पहिलं चार्जिंग पूर्ण होईपर्यंत थांबा. हे चार्जिंग सावकाश, क्षमतेच्या दहाव्या भागाच्या करंटने करतात, म्हणजे 5 अ‍ॅम्पिअर-अवरला अर्धा अ‍ॅम्पिअर. घाईत हा टप्पा गाळला तर बॅटरी पुढे कधीच पुरती भरत नाही.

वॉरंटी कार्डावर दोन आकडे असतील तर पहिल्या मुदतीत बॅटरी बदलून मिळते, दुसऱ्या मुदतीत फक्त किमतीत सूट. दोन्ही नीट वाचून मगच सही-शिक्का घ्या.

शिमगा ते गणपती उभी राहणारी गाडी

आमच्याकडे गणपतीच्या आधीच्या आठवड्यात जेवढ्या मेलेल्या बॅटऱ्या येतात, तेवढ्या एरवी कधी येत नाहीत. मुंबईकर शिमग्याला येतात, गाडी पडवीत लावून जातात आणि थेट चतुर्थीला किल्ली फिरवतात. गाडी बंद असली तरी मीटरवरचं घड्याळ आणि ईसीयू थोडा थोडा करंट ओढत असतात. समजा 3 मिलीअ‍ॅम्पिअर, तर 4 अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी दोन महिन्यांच्या आतच रिकामी होते. जीपीएस किंवा अलार्म बसवला असेल तर त्याच्याही आधी. रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होतो आणि मग ती चार्ज होत नाही.

उपाय खर्चाचा नाही. जाण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि मायनसची वायर काढून ठेवा. दीड-दोन महिन्यांनी कोणाला तरी चार्जर लावायला सांगितलं तर उत्तमच. घरच्यांनी आठवड्याला पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवून काही साधत नाही, सेल्फने जेवढं घेतलं तेवढंही त्यात परत येईल याची खात्री नसते. चालवायचीच तर अर्धा तास रस्त्यावर न्या.

वायर काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. उलट केलं आणि पाना फ्रेमला टेकला तर ठिणगी उडते.

दमट हवेत टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढतं. वायरी काढून ते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका, कोरडं करून स्क्रू घट्ट करा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. पाण्याच्या बॅटरीत पातळी दोन रेघांच्या मध्ये हवी. कमी झाली तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. अ‍ॅसिड पुन्हा घालू नका, नळाचं किंवा विहिरीचं पाणी तर नकोच.

22 जुलै 2021 च्या पुरात काय झालं ते इथे कोणाला सांगायला नको. गाडी पाण्यात गेली असेल तर किल्ली फिरवून बघू नका. आधी मायनस काढा, मग गाडी मेकॅनिककडे.

जुनी बॅटरी

कचऱ्यात किंवा पऱ्यात टाकू नका, आतलं शिसं आणि अ‍ॅसिड दोन्ही विषारी. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन करणाऱ्याकडे द्यायची असते. आमच्याकडे आणली तर शिशाच्या भावाप्रमाणे नव्या बॅटरीच्या बिलातून रक्कम वजा होते. आणताना उभी ठेवा आणि अ‍ॅसिड ओतून टाकू नका, रिकामी करून आणलेली बॅटरी आम्ही घेत नाही.