लेंटचा उपास आणि वजनाचं डाएट: दिसायला सारखं, आतून वेगळं

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ, जवळ आला की वसईकडच्या आपल्या बऱ्याच मुली दोन गोष्टी एकदम सुरू करतात, उपास आणि डाएट, आणि सांगताना दोन्हीला उपासच म्हणतात. कारण उघड आहे. लेंटमध्ये शक्यतो लग्नं होत नाहीत, पण ईस्टर झाला की लागोपाठ असतात, मग गाऊन, ब्राइड्समेडचे ड्रेस, फोटो, आणि त्या फोटोत बाजूच्या चुलत बहिणीपेक्षा आपण जाड दिसणार ही धास्ती. मग ठरतं की यावर्षी लेंट कडक करायचा, देवाचंही होईल आणि पाच किलोही जातील. ताट दोन्हीकडे अर्धंच असतं त्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

आधी चर्चचा नियम बघा, तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप सौम्य आहे. कॅथलिक चर्चमध्ये सक्तीचे उपास वर्षात फक्त दोन, राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, तेही १८ ते ५९ वयाच्या लोकांना. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं खायचं. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका यांना सूट. आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात, तरी आपण ४० म्हणतो कारण मधले सहा रविवार धरत नाहीत, रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून. डाएटमध्ये असा रविवार नसतो. तिथे रविवारी बिर्याणी खाल्ली की सोमवारी त्याची शिक्षा, जास्त चालायचं नाहीतर जेवण बुडवायचं.

दुसरा फरक, हे सगळं कोणासाठी चाललंय. बायबलात मत्तय ६ मध्ये येशू सांगतो की उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे लोकांना कळणारच नाही, फक्त पित्याला कळेल. डाएटचं फळ मात्र लोकांना दिसावंच लागतं, आधीचा फोटो नंतरचा फोटो, नाहीतर केलं कशाला. आणि यशया ५८ मध्ये तर देव सरळ म्हणतो की मला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला तुझ्यातली भाकरी दे. म्हणजे आपल्या ताटातलं कमी झालेलं कोणाच्या तरी ताटात जायला हवं, कॅरिटास इंडिया या चर्चच्या मदतसंस्थेची लेंटमधली मोहीम याच विचारावर चालते. वजनाच्या डाएटमध्ये वाचलेलं कुठेच जात नाही, उलट प्रोटीन पावडरवर पैसे जातात 🙂

आता खरा मुद्दा तुलनेचा. बायबलातला शमुवेलासारखा मोठा संदेष्टासुद्धा नवा राजा निवडायला इशायच्या घरी गेला आणि त्याच्या थोरल्या मुलाला, अलियाबला, बघून फसला, वाटलं हाच राजा होणार, आणि देवाने त्याला थांबवलं की त्याच्या रूपाकडे, उंचीकडे बघू नकोस, माणूस बाहेरचं बघतो मी हृदय बघतो. हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) संपली की चर्चच्या आवारात पहिलं वाक्य काय असतं, "काय गं, अंग धरलंस!" मला याचा फार त्रास होतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ते वाक्य घरी गेल्यावरही ऐकू येत राहतं. आँटी लोकांनो, खरंच विनंती आहे, यावर्षी मटणाच्या आधी हे वाक्य सोडा.

डाएट उपासाच्या नावाखाली लपतं तेव्हा धोका वाढतो कारण मग कोणी विचारतच नाही. आई म्हणते जेवत का नाहीस, मुलगी म्हणते उपास आहे, विषय संपला, वर कौतुक. सिएनाची संत कॅथरिन खूप कडक उपास करायची, पुढे तिला अन्नच जाईना, आणि १३८० मध्ये ती ३३ व्या वर्षी वारली. ती मोठी संत होती, पण संत झाली ती देवावरच्या आणि माणसांवरच्या प्रेमामुळे, उपाशी राहण्यामुळे नाही. प्रेषित पौलानेही कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात बजावलंय की देहाचे हाल करणं धार्मिक दिसतं पण त्याचा उपयोग नाही.

त्यामुळे रोज काट्यावर उभं राहावं लागत असेल, चक्कर येत असेल, पाळी चुकत असेल, ईस्टरच्या जेवणाची भीती वाटत असेल, तर तो उपास नाही. घरी सांगा, डॉक्टरकडे जा, फादरशी बोला, ते स्वतः सांगतील की तू जेवणाचा उपास करू नकोस. त्याऐवजी ४० दिवस इन्स्टा बंद ठेवा, दुसऱ्यांचे फोटो झूम करून आपल्याशी मोजणं बंद ठेवा, हा उपास कितीतरी अवघड आहे. शुगर किंवा पीसीओडीसाठी डॉक्टरने डाएट दिलं असेल तर ते जरूर करा, वर्षभर करा, त्यात पाप काहीच नाही, फक्त त्याला डाएटच म्हणा.

आणि आपण श्रद्धांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, देहाचं पुनरुत्थान मानतो, नुसत्या आत्म्याचं नाही. उठलेल्या येशूच्या अंगावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, आणि लूक २४ मध्ये त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा मागून खाल्ला. तेव्हा ईस्टरच्या दिवशी घरी जे काही शिजेल ते सगळ्यांबरोबर बसून पोटभर जेवा, आणि लग्नाचा ड्रेस घट्ट होत असेल तर टेलरला उसवायला सांगा.