पार्श्वभूमी: शाळेतला खराटा कोणाच्या हाती?

माणसामाणसांतली सत्ता मुलांना ओळखता यावी, दुसऱ्याचं दुखणं कळावं, यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळांत हल्ली एकामागून एक उपक्रम येतात. विदर्भात मात्र या शिकवणीचा इतिहास शाळेचं अंगण कोण झाडतं, या जुन्या तंट्यातून गेला आहे.

ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला भरलेल्या परिषदेत सात वर्षांचं मोफत, मातृभाषेतलं आणि हस्तोद्योगातून दिलं जाणारं शिक्षण मांडलं गेलं. सेवाग्रामला चरख्याच्या जोडीला सफाई आली, आणि सफाईत संडासही आला. जे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलं, ते सगळ्यांच्या हाताला लागलं की वरचढपणा उतरेल, अशी त्यामागची धारणा. शेंडगावात जन्मलेला कीर्तनकार, म्हणजे गाडगेबाबा, तर त्याच्याही आधीपासून गावात पाऊल टाकताच खराटा चालवायचा आणि रात्री कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न विचारून कोंडीत पकडायचा. आजच्या कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा ती रीत रोकठोक होती.

तंटा ठळक झाला तो 1956 नंतर. 14 ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या डॉ. आंबेडकरांच्या भाषणात मेलेली ढोरं ओढण्याचं काम का सोडायचं, याचा खुलासा होता. माणूस म्हणून उभं राहायचं तर आधी ते काम सुटायला हवं, हा त्यातला आग्रह. आता ज्या घराने टोपलं टाकून पोराला शाळेत धाडलं, त्याच्याच हाती गुरुजींनी खराटा दिला, तर घरच्यांना त्यात श्रमप्रतिष्ठा दिसणार नाही, जुनंच काम दिसेल. सेवाग्रामच्या विचारात उपदेश वरच्यांना होता; त्यांनी वाकायला शिकावं. नागपूरचं बोलणं वाकून वाकून पाठ मोडलेल्यांशी होतं. शाळेत दोन्ही घरांतली मुलं एकाच वर्गात बसतात, आणि एकच नियम दोघांना वेगवेगळा लागतो.

म्हणून खरा वाद खराट्याचा नव्हे, झाडायची पाळी कुणावर येते याचा आहे. हजेरीपटाच्या क्रमाने वार लावले, तर सहसा कुणाची हरकत नसते. पण ‘तू जरा वर्ग झाडून घे’, ‘तू पाणी भर’ असं तोंडी सांगितलं की नावं त्याच त्या वस्तीतली निघतात, आणि मुली असल्या तर आधी मुलींची. गुरुजींच्या मनात काही नसतंही. मुलांना मात्र ते बरोबर कळतं.

नव्वदच्या दशकात मूल्यशिक्षण आलं. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता धरून दहा मूल्यं. परिपाठाला सुविचार आणि बोधकथा. कथेतला धनिक गरिबाला मदत करायचा आणि टाळ्या व्हायच्या. त्याच्याकडे एवढं आलं कुठून, हे विचारायची सोय परिपाठात नव्हती. 2010 पासून शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मार आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. ‘आता पोरं ऐकत नाहीत’ ही कुरकुर पारावर अजून ऐकू येते.

2009 मध्ये बीड जिल्ह्यात सुरू झालेलं ‘मूल्यवर्धन’ पुढे राज्यभर गेलं. जोडीने चर्चा, गटकाम, वर्गाचे नियम मुलांनीच ठरवणं, असं त्याचं स्वरूप. निदान कागदावर तरी पाळी ठरवण्याचा अधिकार त्यात मुलांकडे सरकतो. त्यानंतरचा ‘स्वच्छता मॉनिटर’ आणखी पुढचा: रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला, थुंकणाऱ्याला मुलाने हटकायचं आणि चूक सुधारायला लावायची. पानठेल्यावर उभ्या असलेल्या मजुराला हे सांगणं जमून जातं. खर्रा थुंकणारा सरपंच असला, तर सत्तेचा धडा आयताच मिळतो.

या सगळ्यात पैशाची बाजू क्वचितच निघते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत सहसा शिपाई नसतो. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये आहे, आणि त्यातला किमान 10 टक्के वाटा स्वच्छतेवर खर्चायचा असतो, म्हणजे 1,000 रुपये. पट घटत चाललेल्या खेड्यांना हीच पायरी लागू होते. तेवढ्यात फिनेल आणि खराटे येतात. झाडणाऱ्याची मजुरी त्यात बसत नाही.