चालीच्या ॲनिमेशनचे संपादन व मिश्रण

संगणकनिर्मित पात्राच्या चालण्याच्या तयार हालचाली दुरुस्त करून, एकापुढे एक जोडून किंवा एकमेकींत मिसळून सलग चाल घडवण्याची प्रक्रिया. हालचाल हाताने रचलेली असो वा मोशन कॅप्चरने (खऱ्या माणसाच्या हालचालींची उपकरणांनी केलेली नोंद) टिपलेली, काम चोख झाले की नाही हे पावलांवरून कळते.

मूळ एकक म्हणजे वॉक सायकल, दोन पावलांचे आवर्तन. सेकंदाला 24 फ्रेमच्या चित्रणात ते साधारण 24 फ्रेमचे असते : फ्रेम 1 ला एक टाच टेकते, 13 ला दुसरी, 25 ला पुन्हा पहिली. फ्रेम 25 ही फ्रेम 1 चीच प्रत असल्याने पुनरावृत्तीत 1 ते 24 एवढ्याच वाजवतात. 25 वी राहिली तर दर आवर्तनाला चाल किंचित अडखळते.

मिश्रणात दोन्ही चालींची लय आधी जुळवावी लागते. प्रत्येक क्लिपमध्ये, म्हणजे हालचालीच्या तयार तुकड्यात, डावी व उजवी टाच टेकण्याच्या क्षणी खुणा करतात आणि त्या एकाच वेळी याव्यात असा काळ ताणतात किंवा आवळतात. हे न करता मिसळल्यास एका क्लिपमधला पुढचा पाय दुसरीतल्या मागच्या पायाशी सरासरीत जातो आणि पात्र पाय न उचलता घसटत चालते. वेगाचा हिशेबही सरळ सरासरीचा नसतो. 1 सेकंदात 1.4 मीटर जाणारे चालीचे आवर्तन आणि 0.7 सेकंदात 2.1 मीटर जाणारे धावेचे आवर्तन निम्मे-निम्मे मिसळले, तर 0.85 सेकंदात 1.75 मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 2.06 मीटर वेग येतो. दोन वेगांची सरासरी मात्र 2.2 आहे. पात्र 2.2 ने पुढे ढकलले की पाय जमिनीवर घसरतात.

सांध्यांचे फिरणे क्वाटर्निअनने, म्हणजे फिरणे चार संख्यांत लिहिण्याच्या पद्धतीने, मिसळतात. एकच स्थिती धन आणि ऋण अशा दोन चिन्हांनी लिहिता येते, म्हणून मिसळायच्या दोन क्वाटर्निअनचा बिंदुगुणाकार (जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज) ऋण आल्यास एकाचे चिन्ह बदलतात. नाहीतर सांधा लांबच्या बाजूने गरकन फिरतो.

टेकलेले पाऊल इन्व्हर्स किनेमॅटिक्सने (पावलाची जागा ठरवून त्यावरून पायाच्या सांध्यांचे कोन काढण्याची पद्धत) जागेवर धरून ठेवणे ही शेवटची पायरी. त्यानंतर पुन्हा मिश्रण केले तर ती दुरुस्ती वाया जाते. पाय पूर्ण ताणला गेला की गुडघा झटका देतो. तेव्हा गुडघ्याला हात लावू नये, कंबर थोडी खाली घ्यावी आणि तो बदल आजूबाजूच्या काही फ्रेमवर पसरवावा.