हात डोळ्यापेक्षा चपळ? छे!

गोव्यातल्या फातर्प्याच्या जत्रेत खाज्यांच्या दुकानांपलीकडे कोणी नाणे गायब करून दाखवले, की घोळक्यातून हमखास ऐकू येते, ‘हात डोळ्यापेक्षा चपळ असतो!’ ऐकायला छान, पण खोटे. नजर एका जागेवरून दुसरीकडे मोठी उडी घेते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्या घरात जातो. उलट, बरीचशी हातचलाखी अगदी सावकाश चालते.

मग आपण फसतो कुठे? २००६ मध्ये गुस्ताव कून आणि मायकल लँड या संशोधकांनी चेंडूची एक जुनी जादू तपासली. चेंडू दोनदा खराच वर फेकायचा, तिसऱ्यांदा नुसता हात हलवायचा. हातासोबत जादूगाराने नजरही वर नेली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश प्रेक्षकांनी चेंडू वर जाताना ‘पाहिला’. खरी गंमत पुढेच आहे. जिथे चेंडू दिसेनासा झाला असे ते सांगत होते, तिथे त्यांचे डोळे गेलेच नव्हते; बहुतेक वेळ ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे होते. म्हणजे डोळे बिचारे निर्दोष! हात आणि नजर पाहून मेंदूनेच पुढचे चित्र रंगवून टाकले.

हालचालीचा आकारही कामाला येतो. अपोलो रॉबिन्स या हातचलाखीच्या कलाकाराला घेऊन केलेल्या प्रयोगात (२०११) दिसले, की हात सरळ रेषेत गेला तर नजर चटकन मूळ जागी परतते. कमानीत वळत गेला तर ती त्याच्या मागेमागे जात राहते. तेव्हा पुढच्या जत्रेत कमानीत फिरणारा हात सोडा, दुसऱ्यावर डोळा ठेवा. जादूगार रागावला तर आमचे नाव मात्र सांगू नका.