नांगर : शब्दाची वंशावळ

जमीन फोडून तीत तास पाडणारे अवजार, एवढा ‘नांगर’ या शब्दाचा अर्थ कोणालाही सांगता येतो; त्याचे कूळ शोधू लागले की मात्र प्रकरण गुंतागुंतीचे होते. मराठी शब्द संस्कृत ‘लाङ्गल’वरून आला, याबद्दल वाद नाही. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील 57 व्या सूक्तात ‘लाङ्गल’ आहे आणि त्याच सूक्तात ‘फाल’, म्हणजे आपला फाळही आहे.

‘ल’चा ‘न’ कसा झाला, याचे उत्तर तोंडाच्या रचनेत सापडते. दोन्ही वर्णांसाठी जिभेचे टोक जवळपास एकाच जागी टेकते. ‘न’च्या वेळी मऊ टाळू खाली येतो आणि हवा नाकावाटे सुटते. ‘लाङ्गल’मध्ये पुढे ‘ङ’ हा अनुनासिक येत असल्याने टाळू आधीच सैलावतो, आणि पालीत ‘नङ्गल’ असेच रूप मिळते. मराठीला या वर्णांची अदलाबदल नवी नाही. ‘ललाट’चे निढळ झाले, तर उलट दिशेने ‘नवनीत’चे लोणी. (जहाजाचा नांगर मात्र दुसऱ्या घराण्यातला, फार्सी ‘लंगर’शी नाते सांगणारा.)

खरा पेच संस्कृतच्याही मागे आहे. संस्कृतच्या युरोपीय भगिनी भाषांत ‘लाङ्गल’ला समाधानकारक जोड मिळत नाही; याउलट कन्नडमध्ये नेगिलु, तमिळमध्ये नाञ्चिल, कंबोडियाच्या ख्मेर भाषेत अंगल आणि मलयमध्ये तंगाला हे शब्द नांगरासाठीच आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झां प्शिलुस्की या फ्रेंच अभ्यासकाने यावरून हा शब्द मुळात ऑस्ट्रोआशियाई, म्हणजे ख्मेर ज्यात मोडते त्या भाषाकुळातला, असल्याचे मत मांडले. यांपैकी अनेक रूपांत शेवटचा गाभा टिकतो आणि आधीचे अक्षर तेवढे बदलते. शब्दाच्या आरंभी उपसर्ग जोडण्याची रीत त्या भाषाकुळात जुनी असल्यामुळे हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो, तरी त्यावर सर्वांचे एकमत झालेले नाही.

शब्द बाहेरून आला म्हणून अवजारही त्याच्याबरोबर आले, असे मात्र म्हणता येत नाही. राजस्थानातील कालीबंगा येथे इसवी सनापूर्वी सुमारे 2800 च्या काळातले नांगरलेले शेत उत्खननात मिळाले असून, त्यातील एका दिशेचे तास सुमारे 30 सेंटिमीटर अंतरावर, तर त्यांना छेदणारे तास जवळजवळ दोन मीटर अंतरावर आहेत. हे शेत ऋग्वेदाच्या प्रचलित कालनिर्णयाहून हजारेक वर्षे आधीचे आहे.